डावी पोटरी

खाली उतरायचा हुकूम सकाळी सहा वाजता आला. त्याआधी नऊ दिवस हिमवादळ होतं. लडाखमधली आमची पोस्ट अठरा हजार फुटांवर. बारा जण एका शेल्टरमध्ये नऊ दिवस जवळजवळ बसूनच होतो. तिथं पाणी म्हणजे वितळवलेला बर्फ, त्याला रॉकेल लागतं, आणि रॉकेल संपत आलं होतं. माणशी दिवसाला चार मग पाणी मिळायचं. रेडिओवर रोज तेच बोलणं.

"ऑल ओके?"

"ऑल ओके, सर."

मी नर्सिंग असिस्टंट होतो, हवालदार. पोस्टवर डॉक्टर नसतो, म्हणून जवान मलाच डॉक्टर म्हणायचे. नाईक मिलिंद साळवे माझ्याच जिल्ह्यातला, सोयगाव तालुक्यातला. मी जिल्ह्याच्या शहरातल्या गारखेड्याचा. आमची सुटी एकाच दिवशी मंजूर झाली होती.

उतरताना मिलिंद बर्फात घसरला. डाव्या पोटरीला मार लागला. मी तपासलं. हाड शाबूत होतं. क्रेप बँडेज बांधलं आणि चालायला लागलो. पुढं दोन दिवस ट्रक, मग रेल्वे. गाडीत तुडुंब गर्दी होती. संडासापर्यंत जायला वाट नव्हती, म्हणून मिलिंदनं पाणी पिणंच सोडलं. खिडकीशी पाय दुमडून बसला तो बसलाच.

मनमाडच्या अलीकडं, सकाळी सातच्या सुमारास, तो म्हणाला, "नारायणभाऊ, पोटरी लई दुखायलीय."

बँडेज सोडलं. डावी पोटरी उजवीपेक्षा चांगली दोन बोटं जाड. कातडी ताणलेली, गरम. इथं मला कळायला हवं होतं. एकच पाय सुजलाय, गरम आहे, माणूस उंचावरून आलाय, कित्येक दिवस हलला नाही. ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं सगळं माझ्या मांडीवर होतं. पण मार लागलेला मी डोळ्यांनी पाहिला होता. मुका मार, असं मी ठरवून टाकलं. मलम लावलं आणि अर्धा तास पोटरी चोळली. खालून वर, जोर लावून.

"हां, आता बरं वाटायलंय," तो म्हणाला. मग बायकोला फोन लावून तिच्याशी बोलत बसला.

सव्वाअकराला आम्ही आमच्या शहराच्या स्टेशनवर उतरलो. सोयगावच्या बसला वेळ होता. मिलिंदच्या बायकोनं पाच लिटरचा कुकर सांगितला होता, म्हणून रिक्षानं शहागंजच्या बाजारात गेलो. दुकानदारानं तीन कुकर मांडले. मिलिंदनं एकाचं झाकण लावून पाहिलं, काढून पाहिलं, आणि पायरीवर बसला.

"काय झालं?"

"दम लागलाय. श्वास पुरंना."

हा माणूस अठरा हजार फुटांवर वीस किलो पाठीवर घेऊन चढायचा. नाडी पाहिली. एकशे तीसच्या वर. ओठ निळे पडायला लागले होते. "छातीत टोचायलंय," तो म्हणाला आणि खोकला. रुमालावर रक्त आलं. त्या क्षणी मला सगळं कळलं. पायातली गुठळी फुप्फुसात गेली होती.

दुकानदार पाणी घेऊन धावत आला. "भाई, गर्मी लगी होगी. लिटाव इनको."

"रिक्षा बुलाव! जल्दी!"

त्यानं स्वतः रस्त्यात उभं राहून रिक्षा अडवली. दोघांनी मिलिंदला आत घातलं. पुढं हातगाड्या, टेम्पो, माणसं. रिक्षावाला हॉर्नवरचा हात काढत नव्हता. मी बाहेर डोकं काढून ओरडत होतो, "फौजी आदमी है, रास्ता देव!" लोकांनी हातगाड्या उचलून बाजूला केल्या. तरी रिक्षा मुंगीसारखी सरकत होती. मिलिंदनं माझी बाही धरली होती.

"भाऊ, मी मरायलोय का?"

"नाय. गप बस. लांब श्वास घे."

खोटं बोललो. जवळच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. तिथली डॉक्टर तरुण होती. पाय पाहिला आणि तिनं लगेच विचारलं, "कधीपासून सुजलाय?"

"सकाळी पाहिला. मार पाच दिवसांपूर्वीचा."

"चोळला होता का?"

"हो. मी."

तिनं गुठळी विरघळवायचं इंजेक्शन चालू केलं. हृदय दोनदा थांबलं. पहिल्यांदा परत सुरू झालं. दुसऱ्यांदा मी आणि वॉर्डबॉय आळीपाळीनं छाती दाबत होतो. एक वाजून चाळीस मिनिटांनी तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी थांबलो नाही. तिनं पुन्हा ठेवला.

बाहेर येऊन युनिटला फोन केला.

"सर, नाईक साळवे एक्स्पायर्ड."

"रिपीट."

"नाईक मिलिंद साळवे एक्स्पायर्ड, सर."

"बॉडीपाशी थांब. घरी तू सांगायचंस."

संध्याकाळी डॉक्टरनं मला बसवून समजावलं. उंचावर हवा विरळ, म्हणून शरीर तांबड्या पेशी वाढवतं. त्यात पाणी कमी, की रक्त घट्ट होतं. पाय हलले नाहीत की पायातलं रक्त वर चढत नाही, कारण ते वर ढकलायचं काम पोटरीचे स्नायू करतात. त्यात मारानं शीर आतून दुखावली. घट्ट रक्त, साचलेलं रक्त, दुखावलेली शीर. मिलिंदच्या पोटरीत तिन्ही एकत्र आलं. खोलवरच्या शिरेत गुठळी धरली, सुटली, हृदयातून फुप्फुसात जाऊन अडकली. हृदयाच्या किंवा मेंदूच्या धमनीतही गुठळी होते, पण तिथं बहुतेकदा आत साचलेली चरबी फुटून होते. हृदयाचे ठोके अनियमित असले तर हृदयाच्या कप्प्यातही धरते.

"मी चोळल्यानं सुटली?" मी विचारलं.

"सांगता येत नाही. आपोआपही सुटली असती. पण चोळायची नसते."

सुनीताला, मिलिंदच्या बायकोला, त्या दिवशी मी मृत्यूची बातमी दिली. चोळल्याचं सांगितलं नाही. सहा वर्षं सांगितलं नाही. रिटायर झालो, गारखेड्यात राहायला आलो, आणि एका रविवारी बस धरून सोयगावला गेलो. ती अंगणात शेंगा निवडत होती. मी उभ्यानंच सांगून टाकलं.

तिचे हात थांबले.

"मला ठाव हाय, भाऊजी. गाडीतून त्यायचा फोन आलता. म्हणले, नारायणभाऊनं अर्धा तास पाय चोळला, सख्खा भाऊ चोळणार नाय असा." मग सूप बाजूला सारून म्हणाली, "बसा. उभे का?"

मला बसता येईना.

मिलिंद गोळीनं गेला नाही, म्हणून शहिदांच्या यादीत त्याचं नाव नाही. मी कुणाला पाय सुजलेला दिसला की थांबवतो, कुठला पाय, कधीपासून, दम लागतो का विचारतो, आणि हातानं न चोळता थेट दवाखान्यात पाठवतो. लोक विचारतात, तुम्ही डॉक्टर का? मी सांगतो, नाही. माझ्यासोबत नाईक मिलिंद साळवे म्हणून एक जवान होता. वय एकतीस.