गेटबाहेरचे मिस्त्री

"आधी ऐका, मग उघडा," असं मिस्त्री म्हणायचे. बिघडलेल्या पंपाकडे कुणी पान्हा घेऊन धावला की ते त्याला हातानं मागे सारत, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक पंपाला टेकवत, मुठीवर कान ठेवत आणि डोळे मिटत. मग सांगत, "बेरिंग गेलीय," किंवा "काय नाय, पाया हललाय." तुमच्याही पाहण्यात असा एखादा माणूस असेल, ज्याला पुस्तकातलं काही येत नाही आणि पुस्तकवाले ज्याच्यामागे उभे राहतात.

महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या कारखान्यात गाळाचं पाणी उपसणारे मोठे पंप बनतात. मिस्त्री पोलादपूरच्या वरच्या अंगाचे, कुडपणचे. सातवीपर्यंत शिकलेले. निवृत्तीचं वय उलटलं होतं, पण मालक त्यांना दर वेळी एकेक वर्ष वाढवून देत. मी तिथे इंजिनिअर. चारचौघांत ते मला "मॅडम" म्हणत आणि कुणी नसलं की "बाय".

आमचा पहिला पंप दक्षिण आफ्रिकेत रस्टनबर्गला गेला. प्लॅटिनमच्या खाणींचं शहर. दीड महिन्यात पंपाचं सील, म्हणजे दांड्यापाशी पाणी अडवणारी कडी, तीनदा फुटलं. खाणवाल्यांनी लिहिलं, माणसं पाठवा, नाहीतर पंप परत घ्या. पुढच्या अकरा पंपांचं काम त्यावर अडकलेलं. मालकांनी मला आणि मिस्त्रींना पाठवलं. "ते बघतील, तू बोल," एवढी सोपी वाटणी.

तिथे पोचल्यावर कळलं, खाणीत पाऊल टाकायचं तर आधी सुरक्षेचा वर्ग, मग वैद्यकीय तपासणी. वर्गातून मी त्यांना कसंबसं पार नेलं. तपासणीत त्यांचं ब्लडप्रेशर जास्त निघालं. तीन दिवसांनी पुन्हा या म्हणाले. तीन दिवसांनी ते आणखी वाढलेलं.

"मला आत सोडत नाय म्हणून चढतोय तो. आत सोडा, उतरंल," मिस्त्री म्हणाले. मी ते नर्सला सांगितलं. ती मनापासून हसली आणि तिनं कागदावर 'अपात्र' लिहिलं.

मग मिस्त्री गेटबाहेर झाडाखाली प्लास्टिकच्या खुर्चीवर बसू लागले. समोर मॅगलिसबर्गचा लांबलचक डोंगर. "आपल्यासारखाच हाय गो," पहिल्या दिवशी म्हणाले, "पण हिरवा कुठं दिसत नाय." दुसऱ्या दिवसापासून त्यांनी खुर्ची फिरवून डोंगराकडे पाठ केली आणि तोंड गेटकडे.

आत फोन न्यायला बंदी. मी आत जायची, पंपापाशी उभी राहायची, बाहेर येऊन त्यांना सांगायची. ते मी न पाहिलेलंच विचारायचे. "आवाज एकसारखा हाय का मधी मधी?" "कुठल्या बाजूची बेरिंग जास्त तापते?" मी पुन्हा आत. गेटवर पुन्हा सही, पुन्हा बॅग तपासणी, पुन्हा ते हिरवं जाकीट. असं दिवसातून चार वेळा. ऊन, धूळ आणि ती सहीची वही यांनी माझं डोकं उठलं होतं.

चौथ्या दिवशी सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, "पंपात काय नाय. पायपानं वढलाय त्याला, म्हणून सील टिकत नाय. पायीप तिरका आला आसंल, तो जबरदस्तीनं आणून जोडलाय. जोडाचे बोल्ट सोडायला सांग. पायीप उडी मारंल बघ."

मी खाणीच्या इंजिनिअरशी बोलले. उंच, अतिशय सभ्य आणि जागचा न हलणारा माणूस. म्हणाला, पाइप आमच्या लोकांनी नकाशाप्रमाणे टाकलाय. जोड उघडायचा तर सगळा विभाग बंद ठेवावा लागेल. मग त्यानं विचारलं, "हे तुमचं ठाम मत आहे?"

चाळीस वर्षं पंप बसवणाऱ्या माणसाचं मत आहे, असं मी म्हणायला हवं होतं. पण पंप डोळ्यांनी न पाहिलेला, गेटबाहेर बसलेला एक सातवी पास माणूस असं म्हणतो, हे मला सांगवेना. मी म्हणाले, "एक शक्यता आहे." त्यानं मान हलवली आणि विषय संपला.

बाहेर मिस्त्री उभेच होते. "सोडले बोल्ट?"

"नाही सोडत ते."

"तू नीट सांगितलंस ना?"

मी ताडकन म्हणाले, "मिस्त्री, तुम्ही आत येऊ शकत नाही, मग इथे आहात तरी कशाला?"

ते खुर्चीवर बसले. त्या संध्याकाळी मालकांचा फोन आला, काम का होत नाही म्हणून. फोन ठेवला आणि त्याच तिरमिरीत मी कंपनीला ईमेल लिहिली. मिस्त्री तपासणीत नापास झाले आहेत, त्यांचा इथे उपयोग नाही, त्यांना आणायला नको होतं. सोबत तो 'अपात्र' लिहिलेला कागद जोडला.

रविवारी खाणवाल्यांनी आम्हाला जवळच्या अभयारण्यात पाठवलं. एवढ्या लांब आलात, प्राणी बघून जा म्हणाले. उघड्या गाडीत बसवून मार्गदर्शकानं बजावलं, उतरायचं नाही, आवाज करायचा नाही. मी भाषांतर केलं. मिस्त्री म्हणाले, "हितंपण लांबूनच बघायचा." दोन जिराफ झाडाआड चरत होते. एक हत्ती रस्ता ओलांडून गेला. लोक फोटो काढत होते आणि मिस्त्री मला विचारत होते, "त्या जोडात पॅकिंग घातलाय का नुसताच आवळलाय?" मला हसू येईना आणि रागावताही येईना.

त्याच आठवड्यात एक गोष्ट मी गेटवर पाहिली. खाणीतला एक म्हातारा फिटर पाळी संपली की मिस्त्रींशेजारी खोक्यावर येऊन बसायचा. एकाला दुसऱ्याची भाषा येत नव्हती. त्या दिवशी मी आले तर तो दोन्ही हातांनी पाइप ओढून आणल्यासारखं करून दाखवत होता आणि मिस्त्री जोरजोरात मान हलवत होते. मला बघून म्हणाले, "बघ, ह्याला पण म्हायत हाय. ह्याचा पण कोण ऐकत नाय." मी त्या फिटरला इंग्रजीत विचारलं. तो म्हणाला, पाइप जोडला त्याच दिवशी त्यानं साहेबाला सांगितलं होतं.

गुरुवारी सील चौथ्यांदा फुटलं. विभाग आपोआपच बंद पडला. सगळीकडे चिखल. तो म्हातारा फिटर पान्हा घेऊन येऊन माझ्याकडे बघत राहिला. मी इंजिनिअरला म्हणाले, "आता तर बंदच आहे. उघडू दे त्याला." इंजिनिअर दमला होता. त्यानं हातानंच हो म्हटलं.

शेवटचा बोल्ट सुटला आणि पाइप ठण्णकन बाजूला उडाला. दोन बोटांचं अंतर. इंजिनिअर गुडघ्यावर बसून ती फट बघत राहिला.

मी धावत गेटवर गेले. मिस्त्री उठून उभे. "किती उडाला?"

मी दोन बोटं दाखवली.

"येवढाच? मला तीन वाटली व्हती," ते म्हणाले आणि खुर्चीत बसून किती तरी वेळ एकटेच हसत राहिले.

पाइप कापून सरळ जोडल्यावर पंप निमूट चालू लागला. आम्ही महाडला परतलो. मागोमाग खाणीचं पत्र आलं, 'तुमच्या इंजिनिअर बाईंनी दोष शोधला.' मालकांनी ते सगळ्या कामगारांसमोर वाचलं, मला पुष्पगुच्छ दिला. मिस्त्री मागच्या रांगेत टाळ्या वाजवत होते. उद्या मालकांच्या केबिनमध्ये जाऊन खरं सांगू, असं मी ठरवलं. उद्या झाला. परवाही झाला.

दोन महिन्यांनी त्यांचं वर्ष संपलं. या वेळी वाढवलं नाही. मला कळलं ते त्यांचं हत्यारांचं कपाट रिकामं दिसलं तेव्हा. ऑफिसातला माणूस फाइल दाखवत म्हणाला, "मेडिकलचा कागद आहे ना. आणि मॅडम, तुमचीच ईमेल आहे."

त्याच तासाला मी मालकांकडे गेले आणि सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. "मग तेव्हा का नाही बोललीस?" म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "आणि ब्लडप्रेशर तर आहेच ना त्यांना."

मी लेखी दिलं. दोनदा दिलं. ते फाइलला लागलं.

शेवटी एका सुट्टीच्या दिवशी मी कुडपणला गेले. काकींनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, कोरा चहा दिला. मिस्त्री शेतातून आले, मला बघून हसले. "काय गो बाय, येवढ्या वर?" त्यांनी पंपांची चौकशी केली, दुसरे पंप गेले का विचारलं. मी ईमेलचं सांगितलं. इंजिनिअरशी काय बोलले होते तेही सांगितलं, शब्दाला शब्द.

त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "नोकरीचा जाऊ दे. ती कधीतरी जायचीच व्हती. पण मी तिथं रोज बसून समजत व्हतो, ही आत माझा सांगत्येय आन ते ऐकत नायत. तू सांगितलासच नाय." आवाज चढला नव्हता. "मला इंग्लिश येत नव्हता गो. तेवढ्यासाठीच तू व्हतीस."

ते उठून बाहेर गेले. येतील म्हणून मी बसून राहिले. काकींनी भाकरी वाढली, मी खाल्ली. बऱ्याच वेळानं त्या दारात जाऊन पाहून आल्या आणि हळूच म्हणाल्या, "ते नाय यायचे आता. तुझी एसटी चुकंल."

एसटी निघाली तेव्हा ते खालच्या वावरात ढासळलेला बांध रचत होते. एकेक दगड उचलायचा, फिरवून बघायचा, बसवायचा. मी खिडकीतून हाक मारली. गाडी वळणावर जाईपर्यंत त्यांनी आणखी दोन दगड बसवले.