सुशीच्या काड्या

मागच्या महिन्यात निरोप आल्यावर आम्ही बदलापूरला सुशीच्या सासरी पोचलो, तेव्हा शेजारच्या काकू मृताची हनुवटी बांधतात तशी बांधायला जुन्या साडीची पट्टी फाडत होत्या. माझ्या सासूबाई, सुशीची आई, कोपऱ्यातून म्हणाल्या, "राहू द्या. तिचं तोंड मिटलेलंच आहे."

सुशी माझी धाकटी नणंद. मी लग्न होऊन अंबरनाथला आले तेव्हा ती कॉलेजात होती आणि तिच्या दातांमधून चमच्याची कडाही जेमतेम जायची. लहानपणी जिन्यावरून हनुवटीवर पडलेली. टाके घातले, जखम भरली, सगळे विसरले. खरा मार बसला होता कानाजवळ. कानाच्या पुढे बोट ठेवून तोंड उघडलं की हाड पुढे सरकताना लागतं. तिथे जबड्याचं टोक कवटीच्या खाचेत फिरतं, मध्ये कुर्चेची पातळ चकती असते. सुशीच्या त्या जागी काहीच हलायचं नाही. दोन्ही हाडं जुळून एक झाली होती. दुधात कुस्करलेली पोळी ती बोटाने आत ढकलायची आणि वर म्हणायची, "वहिनी, मला वाढायला सोपं, भांडणात मात्र तुम्हीच जिंकणार."

मुंबईच्या सरकारी रुग्णालयात ऑपरेशन झालं. जुळलेलं हाड कापून मध्ये मांसाचा पदर बसवला. डॉक्टरांनी बजावलं, "रोज तोंड ताणलं नाही, तर हाड पुन्हा भरेल." त्यासाठी आइस्क्रीमच्या लाकडी काड्यांचा जुडगा दातांत धरायचा आणि मधोमध एकेक काडी सरकवत जायची. सुशी आणि मी उल्हासनगरला सिंधी दुकानदाराकडे गेलो.

"खाली डंडी? आइस्क्रीम नहीं?"

"आइस्क्रीम बाद में, शेठ. पहले दरवाजा खोलना है," सुशी म्हणाली.

रोज सकाळी ती आरशासमोर बसायची, मी मागून डोकं धरायचे. डोळ्यांतून पाणी वाहायचं. बोलता येत नसे म्हणून मला चिमटे काढायची. पण तोंड उघडलं. एके दिवशी तिने अख्खी पाणीपुरी तोंडात टाकली, पाणी नाकातून आलं, तरी हसत राहिली.

मग बदलापूरचं स्थळ आलं. सासूबाईंनी ऑपरेशनचं सांगितलंच नाही. कानापुढचा व्रण केसांखाली गेला, आणि पाठवणीच्या सकाळी त्यांनी बॅगेतला जुडगा काढून घेतला.

"नवी नवरी तोंड वासून बसली तर काय म्हणतील लोक?"

"आणि बंद झालं तर काय म्हणतील?" मी विचारलं.

"तू गप्प बस."

पहिल्या दिवाळीला सुशी आली तेव्हा करंजीचा चुरा करून खात होती. मी काड्या पुढे केल्या. "वहिनी, तिथे एकच खोली... कुठे बसू?" एवढंच म्हणाली.

पुढे तोंड पूर्ण बंद झालं. मागच्या महिन्यात तिचं अपेंडिक्स फुटलं. भूल देताना श्वासासाठी घशात नळी घालावी लागते. ती जाईल एवढी फट नव्हती. तिथल्या डॉक्टरांनी मुंबईला न्यायला सांगितलं. शहाडच्या अलीकडेच, गाडीत, ती गेली.

जुडगा सासूबाईंनी टाकला नव्हता. आता तो पुन्हा आरशाखाली आहे. रबर विरघळून चिकटलंय, वरच्या काडीवर सुशीच्या दातांच्या खुणा आहेत. चाळीत कुठलंही पोर पडून रडलं की सासूबाई हातातलं टाकून धावतात. गुडघा बघत नाहीत. पोराच्या दोन्ही कानांपुढे बोटं ठेवतात आणि ओरडतात, "आ कर. मोठा आ कर!"