पाहुण्यांसाठी कापलेलं गवत

गाडी तलावाच्या बांधावर चढली आणि मी काच खाली केली. काठाला गवतच नव्हतं.

शेजारी आमच्या खात्याचे साहेब बसले होते. मोठ्या मिनतवारीने मी त्यांना सोलापुरातून मोडनिंबकडच्या या छोट्या तलावावर आणलं होतं, ते हेच गवत दाखवायला. त्यांना पटलं तर काठ आणखी दोन वर्षं चराईला बंद राहणार होता. नाही पटलं तर तिथे वॉकिंग ट्रॅक. त्याचा प्लॅन तयारच होता.

आता थोडं कामाचं सांगतो. हळदी-कुंकू नावाचं बदक असतं. चोचीचं टोक पिवळं, चोचीच्या मुळाशी तांबडे ठिपके, म्हणून हे नाव. ते पाण्याजवळच्या गवतात जमिनीवरच घरटं करतं. गवत दाट हवं, गुडघ्याच्या वर हवं. वरून घारीला आणि खालून कुत्र्याला अंडी दिसता कामा नयेत. या आडोशाला आम्ही ‘कव्हर’ म्हणतो. मुरमाड काठावर ते आपोआप येत नाही. मारवेल आणि वाळा या गवतांचे ठोंब, म्हणजे मुळांसकट काढलेले झुबके, पाणी ओसरेल तसे आम्ही खाली खाली लावत गेलो. पहिल्या साली निम्मे मेले. पुन्हा लावले. मेंढ्या आत शिरू नयेत म्हणून गावच्या सरपंच शालनआक्का घरोघर फिरल्या. सख्ख्या दिराशी भांडल्या, कारण सगळ्यात मोठा कळप त्याचाच.

आणि यंदा एक मादी बसली. मी लांबून दुर्बिणीने पाहिली आणि खुळ्यासारखा हसत घरी गेलो.

आक्का हार घेऊन पुढे आल्या. दगडांना चुना आणि काव फासलेली, बांधावर रांगोळी.

“या सायेब. बदकाची जागा बगायला येणार म्हनलासा, कालपास्नं समदं गाव राबतंय. लई गचपान माजलं हुतं. भुईसपाट केलं बगा.”

“आक्का, अहो, तेच गवत दाखवायचं होतं.”

“पाव्हण्याला गचपान दावायचं व्हय? मुळ्या हायत की. फुटंल परत.” मग त्यांनी कोणाला तरी हाक मारून टोपली मागवली. “आन अंडी बी फुटू दिली न्हाईत. बगा, कापसात ठेवलीत.”

मी अंड्याला हात लावला. गार होतं. तिथंच रडू कोसळेल असं वाटलं. चिडायचं तरी कोणावर? मेंढ्या, कुत्री, वणवा, सगळ्यांपासून गवत कसं राखायचं ते आम्ही चावडीवर बसून ठरवलं होतं. पाहुण्यापासून राखायचं कोणालाच सुचलं नव्हतं. मलाही नाही.

साहेब मात्र खूश. “मला वाटलं, इथे नुसतं रान असेल. किती क्लीन ठेवलाय हो तलाव.” टोपली हातात घेऊन त्यांनी फोटोही काढून घेतला.

मी त्यांना बाजूला घेऊन समजावू लागलो, सर, इथे कालपर्यंत कव्हर होतं. त्यांनी सभोवार पाहिलं. “कुठे?” म्हणाले. दाखवायला माझ्याकडे काही नव्हतं.

अंडी आक्कांनी घरच्या खुडूक कोंबडीखाली ठेवली. मला आशा नव्हती, पण नको म्हणवेना. काही आठवड्यांनी त्यांचा फोन आला.

“सायेब, कोंबडी उठली. कायच न्हाई निगालं. आमी लई जपली हुती की वो.”

“हो आक्का. जपली होती.”

मग त्यांनी विचारलं, “त्ये बदाक परत येईल का?”

माहीत नाही, म्हणालो. ट्रॅक मंजूर झाल्याचं सांगायची तेव्हा छाती झाली नाही. आज तिथे फरशी आहे, बाकडी आहेत, संध्याकाळी लोक चक्कर मारतात. बदक काही आलं नाही.

आता कुठल्याही गावात गवत लावलं की निघताना एवढंच सांगतो, मोठा माणूस येणार असेल तर आदल्या दिवशी विळे घरातच ठेवा. लोकांना गंमत वाटते, हसतात. मग मला पुन्हा सांगावं लागतं.