चोराने मागे ठेवलेली मूर्ती

नवऱ्याचा डबा दवाखान्यात पोचवला की ती बाई परतताना आमच्या पोलीस ठाण्यात यायची. ती घटना म्हटली की मला आधी तिचा तो प्रश्नच आठवतो, "सायेब, गाडी गावली का?"

मी तेव्हा अंबरनाथला फौजदार होतो. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. बाई चामटोलीची. घरचं भाताचं लहानसं शेत होतं, पण चूल चालायची ती नवऱ्याच्या एमआयडीसीतल्या नोकरीवर. पहिल्या पाळीला सायकलवरून निघालेल्या त्या माणसाला चिखलोलीजवळ एका मोटारीने उडवलं आणि मोटार थांबली नाही. बऱ्याच वेळाने एका दूधवाल्याने त्याला उचलून उल्हासनगरच्या सरकारी दवाखान्यात नेलं. उजवा पाय गुडघ्यातून काढावा लागला. कंपनीत तो कंत्राटी कामगार, म्हणजे त्या दिवसापासून नोकरीही गेलीच. घरात दोन मुली आणि म्हातारा सासरा. शेताला गिऱ्हाईक बघायला सुरुवात झाली होती.

गुन्हा आम्ही 'अज्ञात वाहना'विरुद्ध नोंदवला होता. या शब्दाचा अर्थ त्या घरासाठी काय होता, तो सांगितला पाहिजे. मोटार सापडली, तर तिचा विमा असणार आणि विमा कंपनीकडून जखमीला भरपाई मिळणार. ती सापडली नाही, तर सरकारकडून जे हाती पडे ते औषधालाही पुरत नसे. वकिलानेही बाईला सांगितलं होतं, "आधी गाडीचा नंबर आणा."

पहिली खबर एका रिक्षावाल्याने दिली. त्या सकाळी त्याने पांढरी फियाट अंबरनाथकडे जोरात जाताना पाहिली होती, पुढचा एक दिवा फुटलेला. नंबर त्याला सांगता येईना. मी डायरी काढली, तर त्याच दिवशी दुपारी आमच्याकडेच एका पांढऱ्या फियाटच्या चोरीची तक्रार आलेली. हवालदार खूश झाले. "साहेब, जमलं की! चोरानेच उडवला असणार. आता फक्त चोर शोधायचा."

मला ते इतकं सरळ वाटेना. चोरीचा तपास म्हणून मी त्या घरी गेलो.

घर बौद्धवाडीतलं, चाळीतलं. थोरला मुलगा आखाती देशात वेल्डर. सुट्टीवर आला तेव्हा त्याने ही गाडी घेतली, ती त्याच्याच नावावर. तो परत गेल्यावर धाकटा चालवायचा आणि तक्रारही त्यानेच दिली होती. अशा तपासात गाडीची खूण विचारायची ही आमची रीत. मी विचारलं. धाकटा म्हणाला, "खास काही नाही साहेब. सगळ्या फियाटसारखीच."

आतून आई म्हणाली, "नाही कशी? पुढे बुद्धाची मूर्ती आहे ना! पांढरी, एवढीशी. थोरल्याने तिकडून आणली आणि मी माझ्या हाताने बसवली."

मी लिहून घेतलं. माउलीने पाणी दिलं. तांब्या वर करताना माझी नजर भिंतीकडे गेली. बाबासाहेबांच्या तसबिरीखाली उंच फळीवर, पुस्तकांच्या आड अर्धवट दिसणारी एक पांढरी बुद्धमूर्ती होती, वीतभरही नसेल. तिच्या तळाला लाल रेक्झिनचा तुकडा चिकटलेला होता, गाडीतून उपटून काढल्यासारखा.

हवालदारांनीही ती पाहिली. हळूच म्हणाले, "साहेब, चोर लई धार्मिक दिसतोय. गाडी नेली, मूर्ती घरपोच दिली."

आईने वळून वर पाहिलं, मूर्ती तिलाही आताच दिसली आणि तिचा चेहरा उतरला. धाकटा खाली बघत राहिला. तिच्यासमोर मी काही विचारलं नाही. त्याला ठाण्यात आणलं, चहा दिला, समोर बसवलं. माझा अनुभव असा की सरावाच्या गुन्हेगाराला प्रश्न विचारावे लागतात. पहिल्यांदा चुकलेल्या माणसाला नुसता वेळ द्यावा लागतो.

"गाडी खाणीत लोटणार होतो साहेब," तो शेवटी बोलला. "बंद दगडखाणीत, पाण्यात. धीर झाला नाही, काठावर झुडपात उभी केलीय. आणि मूर्ती कशी लोटणार? ती घरी आणली."

"माणूस रस्त्यात पडला होता, तेव्हा थांबला का नाहीस?"

"दादाचा पासपोर्ट गेला असता."

"कोण म्हणालं?"

"दादाच सांगतो. तिकडे अपघात झाला की आधी आत टाकतात, मिटेपर्यंत पासपोर्ट देत नाहीत. गाडी त्याच्या नावावर. तो आला की विमानतळावरच धरला असता. नोकरी गेली की आमचं घर संपलं."

परक्या मुलखाचा कायदा त्याने चिखलोलीच्या रस्त्याला लावला होता. पंच घेऊन आम्ही खाणीवर गेलो. झुडपात फियाट उभी होती, दिवा फुटलेला, पत्र्यावर सायकलचा हिरवा रंग. गाडी जप्त केली आणि अज्ञात वाहन ज्ञात झालं.

थोरला तातडीने रजा काढून आला. विम्याची पॉलिसी माझ्यापुढे ठेवून म्हणाला, "साहेब, तिकडे विम्याशिवाय गाडी रस्त्यावर येत नाही. म्हणून इथे घेताना मी उल्हासनगरच्या सिंधी विमा एजंटला पुन्हापुन्हा विचारलं. मी तिकडे, गाडी इकडे, चालवणार भाऊ. त्याच्या हातून कोणाला लागलं तर? तो म्हणाला, साईं, भाई के पास लायसन्स है ना? मग टेन्शन नको, जखमीला कंपनी देईल. स्वस्तातली दाखवत होता, मी मुद्दाम मोठी घेतली."

मग तो भावाकडे वळला. "अरे, विमा कशासाठी काढला होता मग?"

"गाडी चोरीला गेली तर पैसे मिळतात म्हणून ना?"

थोरला खुर्चीत बसला. मग म्हणाला, "मी तुला पॉलिसी नुसती कपाटात ठेव म्हणालो. माझंच चुकलं."

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, याचा मला अभिमान होता आणि आहे. शिक्षणाचा उपयोग काय, हे त्या दिवशी मी भाषणातून नाही, कामातून शिकलो: आपल्याला कळलेलं दुसऱ्याला समजावून सांगायचं. पुढे परदेशी निघालेला कोणी गाडीच्या विम्याबद्दल विचारायला आला, की मी सांगायचो: पॉलिसी चांगली निवडा, पण जो गाडी चालवणार त्याला समोर बसवून समजावा. अपघात झाला तर थांब, माणसाला उचल, पोलिसांना सांग, पुढचं विमा बघेल. एवढी तीन-चार वाक्यं त्या घरात बोलली गेली असती, तर तो माणूस तासभर रस्त्यावर पडून राहिला नसता. पाय वाचला असता का, ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. मी तरी कसं सांगू?

धाकट्याने कोर्टात गुन्हा कबूल केला आणि शिक्षा भोगली. खोट्या तक्रारीचा खटला वेगळा चालला. थोरल्याचा पासपोर्ट कोणी मागितलाही नाही.

गाडी मिळाली त्या दिवशी बाई नेहमीप्रमाणे आली. मी नंबर कागदावर लिहून तिच्या हातात दिला. "आता वकिलाकडे जा, ताई." तिने कागद पदराच्या टोकाला बांधला आणि विचारलं, "मंग आता शेत इकाया नको ना?"

"निकाल लागेपर्यंत तरी हात लावू नका," मी म्हणालो.

ठाणे शहरातल्या मोटार अपघात न्यायाधिकरणात दावा काही वर्षं चालला. दावा मंजूर झाला, विमा कंपनीने भरपाई दिली. त्या माणसाला कृत्रिम पाय बसला, आणि चामटोलीचं ते शेत त्याच्याच नावावर राहिलं.