ज्वारी उभी असेतोवर

आमच्या आबांना शेळ्यांचं सगळं कळायचं. एखादी चारा सोडून कान पाडून उभी राहिली की ते तिच्या मानेची कातडी दोन बोटांत धरून ओढायचे आणि सोडायचे. कातडी लगेच जागेवर बसली तर चिंता नाही. हळूहळू बसली तर शेळीच्या अंगात पाणी कमी आहे, तिला मीठ-गुळाचं पाणी पाजा. गावातली माणसं आपापल्या शेळ्या घेऊन आबांना विचारायला यायची. एवढ्या जाणत्या माणसाला बायकोचं मात्र काही कळत नव्हतं.

वसमतजवळ आमचं थोडं रान होतं. अर्ध्यात हळद, अर्ध्यात ज्वारी, बांधाला तूर. नव्वदचं दशक सरत आलं होतं आणि मी वसमतला कॉलेजात जात होते. त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी आईला लघवीची जळजळ सुरू झाली, पाठोपाठ कंबर दुखायला लागली. डॉक्टर म्हणाले, पाणी फार कमी पिता, मूत्रपिंडावर येईल, दिवसाला तीन लिटर तरी पोटात गेलं पाहिजे. आईने मान डोलावली. आबांनी डॉक्टरांकडून तीन लिटर म्हणजे किती तांबे होतात ते दोनदा विचारून घेतलं.

येताना त्यांनी बाजारातून प्लास्टिकचा लाल कॅन आणला. रानात जाताना तो काठोकाठ भरायचा आणि संध्याकाळी रिकामा दिसला पाहिजे, असा हुकूम निघाला. कॅन रोज रिकामा व्हायचा. आबा तो हलवून बघायचे आणि शाबासकी द्यायचे. त्याच दिवसांत आमची काबरी शेळी फार टवटवीत दिसायला लागली होती. दुपारी आबांची पाठ फिरली की आई कॅन तिच्या घमेल्यात उपडा करायची. मी हे पाहत होते आणि गप्प होते.

आईचं जळजळणं काही थांबेना. मग आबांनी नवा माठ आणला, त्यात वाळा टाकला. आखाडा बाळापूरला कुणी काढा देतो म्हणाले, तिथेही जाऊन आले. काखेत कळसा अन् गावाला वळसा, दुसरं काय. उन्हाळा लागला की साऱ्या जगाची तहान वाढती, हिची घटती, असं ते कौतुकाने सांगायचे. पावसाळ्यात आणि हिवाळ्यात ही बाई तांब्यामागून तांब्या पिते, हेही त्यांच्या ध्यानात आलं होतं. पुढचा विचार तेवढा झाला नव्हता.

हळद शिजवायच्या दिवसांत ज्वारी केव्हाच निघालेली होती. काळं रान पार वसमतच्या रस्त्यापर्यंत सपाट, आणि आमच्या कढईभोवती जाळ घालणारे, हळद ओतणारे सात-आठ पुरुष. आई शिजलेली हळद वाळायला पसरत होती. दुपारी ती वाकली ती तशीच खाली बसली आणि मग आडवी झाली. मी धावले. तिचे ओठ पांढरे पडले होते. मला खरोखर वाटलं, आई गेली.

आबा आले. त्यांनी तिला निंबाच्या सावलीत नेलं आणि दुसरं काही न सुचून तिच्या हातावरची कातडी दोन बोटांत धरून ओढली. सोडली, तर तिची वळकटी तशीच उभी. आबा त्या वळकटीकडे बघत राहिले. मग त्यांनी बाजूच्या रिकाम्या कॅनकडे पाहिलं, आणि नंतर काबरीकडे.

मीठ-गुळाचं पाणी घोटघोट पाजल्यावर आईने डोळे उघडले. आबा हळूच म्हणाले, "पाणी काहून पीत न्हाईस?"

आईने कढईजवळच्या माणसांकडे बघून आवाज आणखी बारीक केला. "पिऊन जाऊ कुठं? ज्वारी काढली न्हाई का तुमी?"

 आबा कापून झालेल्या रानाकडे बघायला लागले. जन्मभर त्यांना त्यात कुठेही उभं राहता आलं होतं.

दुसऱ्या दिवशी हळद शिजवायचं काम गड्यांवर सोडून ते बांधाशी खड्डा खणत होते. घरावरच्या तुराट्यांचे भारे आणून त्यांनी पुरुषभर उंचीचा आडोसा बांधला, दाराला पोत्याचा पडदा लावला. काय करून राहिले म्हणून गड्यांनी विचारलं, तर शेळीच्या पिलांसाठी खोपट करतोय म्हणाले. खोपटात पाण्याने भरलेली बादली आणि टमरेल कशाला, हे विचारायचं धाडस कुणी केलं नाही.

दुपारी आईने आमच्या देखत कॅनमधून तांब्या भरला आणि एका दमात संपवला. मग दुसरा भरला. घमेल्याशी येऊन उभ्या राहिलेल्या काबरीला त्या दिवशी काहीच मिळालं नाही. आबांनी आईचा हात धरून कातडी ओढून पाहिली. आई लाजून म्हणाली, लोक बघून राहिले.

मला फार हसू आलं. आबांनी माझ्याकडे पाहिलं. जवळ येऊन त्यांनी माझा हात हातात घेतला आणि तशीच कातडी ओढली. मग कातडीकडे बघतच विचारलं, "आन तुमच्या कॉलेजात हाय का आडोसा?"

माझं हसणं तिथेच थांबलं. सकाळच्या एसटीत बसण्याआधी मी तीन वर्षं घोटभरही पाणी पीत नव्हते.