गिटारला बीडिंग मारता येत नाही

माझ्या सासऱ्यांच्या हातमागाची आम्ही इलेक्ट्रिक गिटार केली आणि ती बेसूर निघाली. याचा दोष मी आधी मशीनला दिला, मग उन्हाला, मग नवऱ्याला आणि शेवटी मुलीच्या कानाला. त्यानंतर दोष द्यायला घरात कोणी उरलं नाही, तेव्हा मी टेप काढला.

कामठी रोडवर आमचं सीएनसी राउटरचं वर्कशॉप आहे. टेबलावर लाकूड घट्ट बांधायचं, कम्प्युटरमध्ये आकडे टाकायचे, की वरची फिरती मोटर आकड्यांबरहुकूम लाकूड कोरते. दारं, देवघराच्या जाळ्या, नावाच्या पाट्या ही आमची नेहमीची कामं. माझा नवरा सुधाकर माप घेतो, मी आकडे टाकते. तो टेप धरून ओरडतो, "दोन इंच चार सूत!" आणि मी टाइप करते, दोन पॉइंट चार. (सूत म्हणजे इंचाच्या आतलं सुतारी माप. त्याच्याबद्दल पुढे बोलूच. मला घाई नाही.)

धंदा चांगला चालला होता. तक्रारी येत, पण एकाच प्रकारच्या. कन्हानचे रामाजी मिस्त्री जाळीचं माप फोनवर कळवत आणि चौकट स्वतः करत. जाळी गेली की त्यांचा फोन यायचा, "ताई, जाळी चौकटीत ढिली होऊन राहिली!"

"ऊन पाहा, मिस्त्री. लाकूड आटलं असेल."

"मले वाटलंच."

"बीडिंग मारून घ्या."

बीडिंग म्हणजे कडेला ठोकायची बारीक लाकडी पट्टी. तिच्याखाली फट दिसत नाही. नागपूरच्या उन्हाचा मला धंद्यात जितका उपयोग झाला तितका कोणत्याही बँकेचा झाला नाही. (जाळी एमडीएफची असली तरी मी हेच सांगत असे. भुसा दाबून केलेला बोर्ड उन्हानं आटत नाही; पण हे कोणी मला विचारलं नाही, आणि मीही स्वतःला विचारलं नाही.) अलीकडे तर रामाजी मिस्त्रींची तक्रार बंदच झाली होती. आमचं काम सुधारलं, असं मी समजले.

आता मामाजी, म्हणजे माझे सासरे. त्यांनी जन्मभर साड्या विणल्या. त्या गांधीबागेच्या कापडबाजारात जात. माग थांबला त्याला बरीच वर्षं झाली, तरी तो तांडापेठेतल्या आमच्या घरात पुढच्या खोलीत तसाच उभा होता. आम्ही त्याला वळसा घालून स्वयंपाकघरात जायचो, आणि मी त्याच्यावर ओले टॉवेल वाळत घालायचे. या उन्हाळ्यात त्याला वाळवी निघाली. मामाजी स्वतःच म्हणाले, "काढून टाका." काढल्यावर कळलं की सगळा माग आतून पोखरलाय, एक सागवानी तुळई तेवढी शाबूत आहे. मामाजींनी ती धोतराच्या सोग्यानं पुसली आणि आमच्या मुलीसमोर ठेवली.

रुचा कॉलेजात आहे आणि मैत्रिणीची गिटार मागून आणून वाजवते.

"तुले ते वाजवाचं पाहिजे होतं ना? याचं कर," ते तिला म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "एवढंच राहिलं हाये, सूनबाई. वाया नको जाऊ देजो, वं."

"मामाजी, कम्प्युटरचं काम आहे," मी म्हटलं. "केसाचाही फरक पडत नाही." (हे वाक्य मी गिऱ्हाइकांना रोज ऐकवते. घरच्या माणसावर पहिल्यांदाच वापरलं.)

तुळई उभी चिरून दोन्ही फळ्या शेजारी शेजारी चिकटवल्या, तर बरोबर एका गिटारच्या बॉडीपुरतं लाकूड झालं. पोळपाटाएवढंही उरलं नाही. गिटारची दांडी आणि ब्रिज, म्हणजे तारा मागच्या बाजूला जिच्यावर टेकतात ती लोखंडी पट्टी, रुचानं तयार मागवली. बॉडीचा आराखडा नेटवरचा होता, पण आमच्या दांडीला आणि ब्रिजला तो जुळत नव्हता. म्हणून मापं आपलीच घ्यायची ठरली. सुधाकर टेप घेऊन वाकला, मी कीबोर्डवर बसले.

"दांडीच्या खाचेची रुंदी दोन इंच दोन सूत!"

दोन पॉइंट दोन.

"खोली पाच सूत!"

पॉइंट पाच.

"खाचेपासून ब्रिजपर्यंत सात इंच सात सूत!"

सात पॉइंट सात.

मशीन सुरू झाली. मामाजी कूलरसमोर प्लास्टिकच्या खुर्चीत बसून पाहत होते. सागाचा भुसा उडायला लागला तसे ते जरा पुढे सरकले.

"माणूस कुठं हाये?" त्यांनी विचारलं.

"माणूस लागत नाही, मामाजी. मशीन सगळं आपोआप करते."

"मंग तू काहून बसली?"

याचं उत्तर मला पुढे मिळालं.

बॉडी सुरेख निघाली. सगळ्यांनी हात फिरवून पाहिला. मग रुचानं दांडी खाचेत बसवायला घेतली, तर ती बसेना.

"नवीन आहे," मी म्हटलं. "नवी चप्पलसुद्धा आधी चावते. घास पॉलिश पेपरनं." तिनं घासघास घासलं. बसली.

तारा चढवल्या, तर त्या दांडीला अशा चिकटून बसल्या की त्यांच्याखालून मुंगीही गेली नसती! म्हणजे खाच उथळ पडून दांडी वर राहिली होती. "एक सूत आणखी खोल घ्या लागते," सुधाकर म्हणाला. मी पॉइंट एक वाढवलं, खाच पुन्हा कोरली. (चूक दुरुस्त करतानाही मी तीच चूक करत होते, सातत्य हा माझा गुण आहे.) या वेळी तारा दांडीपासून बऱ्यापैकी सुटल्या. मी हात झटकले आणि सगळ्यांना जवळ बोलावलं.

रुचानं तारा जुळवल्या, ॲम्प्लिफायर लावला आणि एक मोकळी तार छेडली. खणखणीत आवाज आला. मामाजी पहिल्यांदाच हसले. मग तिनं बोटं दांडीवर खाली खाली सरकवत नेली, आणि तिचा चेहरा बदलत गेला.

"आई, सूर पाहिजे त्याच्यापेक्षा वर जाऊन राहिला."

"तार पीळ."

"तारेचं नाही ना यार, आई! मोकळी बरोबर आहे. बोट जसं खाली जाते, तसा सूर जास्तच चढत जाते."

ब्रिजला मागेपुढे करायचे बारीक स्क्रू असतात. ते तिनं शेवटपर्यंत मागे नेले. सूर तरीही चढतच होता, गिऱ्हाइकाशी बोलताना माझा चढतो तसा.

"मशीनचा बेल्ट ढिला झाला असेल," मी म्हटलं.

"मशीनले काही झालं नाही," सुधाकर म्हणाला. "सकाळीच पाहिली मी."

"मग लाकूड आटलं. ऊन पाहा."

"अवं, हे लाकूड माह्या बापाइतकं जुनं हाये! आता काय आटते ते?"

"मग तुम्ही टेप वाकडा धरून राहिले होते!"

"मी? मी वाकडा? दारं नाही मोजली का मी आतापर्यंत?"

"रुचा, तुझ्या कानात भुसा गेला असेल. उद्या धंतोलीत डॉक्टरला दाखवून घेऊ."

"माझे कान चांगले आहेत, आई," असं म्हणून रुचानं गिटार टेबलावर ठेवली आणि ॲम्प्लिफायर बंद केला. मशीन थांबलेली होती, ॲम्प्लिफायरही थांबला, त्यामुळे कूलरचा आवाज फार मोठा वाटायला लागला.

मामाजींनी विचारलं, "वाया गेलं का वं?"

"नाही," मी म्हटलं. फार लवकर म्हटलं.

सुधाकरची चूक पुराव्यानिशी दाखवावी म्हणून मी टेप घेतला, खाचेपासून ब्रिजपर्यंत लावला आणि मोठ्यानं वाचलं, "सात इंच... आणि साडेपाच सूत! पाहा! सात सूत सांगितले होते तुम्ही!"

"मंग मी सात सूतच सांगितले ना? तू काय टाकलं?"

"सात पॉइंट सात." मी स्क्रीन त्याच्याकडे फिरवली.

सुधाकर स्क्रीनकडे पाहत राहिला. मग टेपकडे. मग माझ्याकडे. इतक्या वर्षांत त्यानं माझ्याकडे इतक्या लक्षपूर्वक पाहिल्याचं मला आठवत नाही.

"अवं," तो अगदी हळू आवाजात म्हणाला, "एका इंचात सूत किती?"

"दहा," मी म्हणणार होते. पण टेप माझ्या हातातच होता, आणि माझा अंगठा एका इंचावर होता. मी मोजले. आठ होते. पुढचा इंच मोजला. त्यातही आठच होते! सगळ्या टेपवर एकही इंच माझ्या बाजूनं उभा राहिला नाही.

सात सूत म्हणजे दशांशात पॉइंट आठशे पंचाहत्तर. मी टाकले होते पॉइंट सात. ब्रिज जवळजवळ दीड सूत पुढे आला होता, तारा तेवढ्या आखूड पडून सूर चढत होता, आणि त्याची भोकं आरपार पडली होती.

मला ब्रिज दिसेनासा झाला. देवघरं दिसायला लागली. महालातली, मानेवाड्यातली, कन्हानची, कामठीची. जिथे जिथे सुतात माप आलं तिथे तिथे मी थोडं थोडं खाल्लं होतं आणि उन्हाच्या नावावर टाकलं होतं. जाळ्यांचं निभावलं, कारण जाळीला बीडिंग असते. गिटारला बीडिंग मारता येत नाही.

"आता?" रुचानं विचारलं.

"जुनी भोकं बुजवून ब्रिज मागे न्या लागते," सुधाकर म्हणाला. "पण त्या जागी लाकूडच पाहिजे, चांगलं कडक. लांबीनं काम नाही भागत."

(लांबी म्हणजे भेगा भरायचा लगदा. मी तोच डबा हातात घेऊन उभी होते. परत ठेवला.)

सागाचा तर तुकडाही उरला नव्हता. मामाजी उठले. "घरी घेऊन चाल मले," ते सुधाकरला म्हणाले. दोघं गेले आणि परत आले तेव्हा मामाजींच्या हातात धोटा होता. मागावर विणताना आडवा धागा घेऊन इकडून तिकडे पळतो तो. हाताला घासून घासून काळा तुकतुकीत झालेला.

"मामाजी, हा नको," मी म्हटलं. "हा ठेवा. आठवण म्हणून."

"मागच नाही राहिला, तं आता धोट्याचं काय लोणचं घालू?" त्यांनी तो मशीनच्या टेबलावर ठेवला. "काप."

मी कापला. बारीक खुंट्या काढल्या, त्या गोंद लावून भोकांत ठोकल्या आणि रात्रभर वाळू दिल्या. सकाळी सुधाकरनं माप सांगितलं. मी कागदावर भागाकार केला, रुचानं मोबाइलवर केला, सुधाकरनं बोटांवर केला. तिघांचं उत्तर एक आल्यावरच मी आकडा टाकला. मामाजी खुर्चीत बसून एवढंच म्हणाले, "आता माणसं लागून राहिली वाटते."

या वेळी रुचाची बोटं दांडीवर शेवटपर्यंत गेली, आणि सूर जागेवर राहिला. तिनं काय वाजवलं ते मला सांगता येणार नाही. मला गाण्यातलं कळत नाही, आणि तेव्हा मी मामाजींकडे पाहत होते. ते डोळे मिटून बसले होते आणि त्यांचा उजवा पाय खुर्चीखाली वरखाली होत होता, मागाची पावडी दाबावी तसा. वाजवणं थांबलं तरी पाय जरा वेळ चालूच होता. मी भुसा झाडायला घेतला. साचला होता बराच.

ब्रिजच्या पुढे आता काळसर कडा डोकावतात, चंद्रकोरीसारख्या. लोक विचारतात, हे डिझाइन आहे का? रुचा बेधडक "हो" म्हणते. माझीच मुलगी आहे.

तेव्हापासून मी भिंतीवर मोठ्या अक्षरांत "आठ" लिहून ठेवलंय, आणि आमच्याकडून निघणारी प्रत्येक जाळी अगदी मापात निघते. जुलैत एका रविवारी रामाजी मिस्त्रींचा घरी फोन आला. आत रुचा वाजवत होती.

"ताई, यावेळची जाळी चौकटीत बसूनच नाही राहिली! मोठी झाली!"

"माप बरोबर आहे, मिस्त्री. मी तीनदा तपासलंय."

"अवो, तुमचं माप बरोबर असून मी काय करू? तुमची जाळी कमीच येते म्हणून मी तं कधीपासून चौकटच कमी करून राहिलो!"

आत गिटार अगदी सुरात चालली होती. घरात तेवढी एकच गोष्ट सुरात होती. खिडकीबाहेर पाऊस लागला होता.

"मिस्त्री," मी म्हटलं, "पावसाळा आहे. लाकूड फुगलं असेल."

"मले वाटलंच," ते म्हणाले.