माझ्या ओळीतलं टिंब

आधीच सांगते, आमच्या घरी लिंबू आणतात ते सरबतासाठी. भूत, भानामती, करणी... यांवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. आजही आहे असं म्हणणार नाही. पण मागच्या वर्षी जे घडलं ते कुणाला तरी सांगायचंय, आणि त्यात माझीच शोभा होणार हेही ठाऊक आहे.

आम्ही तीन पिढ्या बेंगळुरूत, राजाजीनगरात. अप्पांचं, म्हणजे वडिलांचं, स्टीलच्या भांड्यांचं दुकान. बत्तिसाव्या वर्षी मी हट्टानं सीएनसी मिलिंगचा तीन महिन्यांचा कोर्स धरला — कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम लिहायचा आणि मशीन त्याबरहुकूम लोखंड कापतं. क्लास घराजवळच, एका वर्कशॉपच्या वरच्या मजल्यावर. परीक्षेत पहिला येईल त्याला तिथेच प्रोग्रॅमर म्हणून घेणार होते. जागा एकच. ती गेली तर पुन्हा दुकानात गिऱ्हाइकाला कुकर दाखवत उभं राहायचं, हे अप्पांनी स्पष्ट सांगितलं होतं.

बॅचमध्ये मराठी आम्ही दोघीच. दुसरी मुग्धा — पुण्याची, चोवीस वर्षांची, शहराच्या दुसऱ्या टोकाच्या के. आर. पुरमहून यायची. घर लावण्यात पहिले दोन दिवस बुडवले, तरी आठवड्याभरात माझ्यापुढे! मी वहीत तीनदा लिहायचे ते ती एकदा ऐकून करायची, वर “ताई, अगं सोप्पंय!” नुसता जळफळाट व्हायचा माझा. डबाही निम्मा मला द्यायची, त्यानं तर अजूनच.

आता तांत्रिक गोष्ट एकच सांगते. प्रोग्रॅममध्ये आकड्यापुढे टिंब द्यावंच लागतं. पन्नास लिहून टिंब दिलं, तर कटर पन्नास मिलिमीटर वर उचलला जातो. टिंब विसरलात तर मशीन ते पन्नास मायक्रॉन धरतं, म्हणजे जेमतेम केसाएवढं. मग कटर तसाच खाली राहून आडवा सुसाट जातो आणि लोखंड धरून ठेवणाऱ्या वाटेतल्या क्लॅम्पवर आदळतो. म्हणून आमचे शिवण्णा सर दिवसभर ओरडायचे, “चुक्की! चुक्की नोडि!” कन्नडमध्ये चुक्की म्हणजे टिंब, नोडि म्हणजे बघा. रांगोळीचे ठिपकेसुद्धा चुक्कीच.

मुग्धाला ते ‘चुकी’ ऐकू यायचं.

“ताई, सर सारखं चुकी चुकी काय करतात? माझं काय चुकलं?”

“सवय आहे गं त्यांची. सगळ्यांनाच म्हणतात. मनावर नको घेऊस.”

सगळ्यांनाच म्हणायचे, हे खरंच होतं. पण अर्थ मी सांगितला नाही. सांगावासाच वाटला नाही.

परीक्षेच्या आदल्या दिवशी सगळ्यांनी आपापले प्रोग्रॅम टाइप केले. दुपारी मुग्धा हात धुवायला गेली होती, तिची फाइल स्क्रीनवर उघडी होती. मी वाचली. कटर उचलायच्या ओळीत पन्नास होतं... टिंब नव्हतं. दोनदा बघितलं, अगदी स्क्रीनला नाक लावून. मग गुपचूप माझ्या जागेवर येऊन बसले. मी तिच्या फाइलला हात लावला नाही, हे शपथेवर सांगते. बोललेही नाही. संध्याकाळी स्वतःचा प्रोग्रॅम मात्र सिम्युलेशनवर, म्हणजे स्क्रीनवरच्या लुटुपुटीच्या मशीनवर, चालवून पाहिला, प्रिंट काढली, एकेका टिंबाला पेन्सिलीनं गोल केला. आमच्यानंतर सरांनी खोलीला कुलूप लावलं.

सकाळी अकराला मुग्धाचा नंबर पहिला. सर म्हणाले, “चुक्की नोडिदिया?” टिंब बघितलंस का, असं विचारत होते ते. ती माझ्याकडे बघून हसली आणि बटण दाबलं. कटरनं खाच कापली. आता ती ओळ... आणि कटर छान पन्नास मिलिमीटर वर गेला. मी स्क्रीन बघितला. पन्नास, आणि पुढे टिंब!

मग माझा नंबर. खाच झाली, कटर उचललाच गेला नाही, आडवा धावला आणि खाडकन क्लॅम्पवर आपटून तुटला. सरांनी मशीन बंद करून स्क्रीनवर बोट ठेवलं. “चुक्की एल्लम्मा?” टिंब कुठंय, बाई?

त्याच ओळीत. प्रिंटवर होतं, पेन्सिलीचा गोलही होता. फाइलमध्ये नव्हतं. सेव्ह केल्याची वेळ आदल्या संध्याकाळचीच, प्रिंट काढायच्या आधीची. मुग्धाची फाइलही आदल्या दुपारनंतर कुणी बदललेली नव्हती. कॉम्प्युटरवाल्या मावसभावाला दाखवलं. तो म्हणाला, “अक्का, तूच घाईत पुसलं असशील.” मग तिच्या ओळीत कुठून आलं?

जागा मुग्धाला मिळाली. पहिल्या पगाराच्या दिवशी ती पेढे घेऊन दुकानात आली. चुक्कीचा अर्थ तोवर तिला कळला होता.

“काका, मला नक्की माहितीये, मी ते टिंब दिलंच नव्हतं. हिनंच दिलं असणार! माझं तपासत बसली आणि स्वतःचं राहिलं बघा.”

अप्पांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मी दहावी पास झाले तेव्हासुद्धा बघितलं नव्हतं. मी कुकरचं झाकण पुसत राहिले. ‘नाही’ म्हणाले नाही.

अजूनही ती भेटेल त्याला हे सांगते. नोकरीचा हेवा कधीच संपला. आता हेवा वाटतो तो तिच्या गोष्टीतल्या त्या ताईचा.